सूर्याशेजारचा तो ‘ग्रह’ कॅमेऱ्याच्या आत असतो

पावसाळा सरून नाशिकचे आकाश निवळले, की गंगापूर धरणाच्या काठावर, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर आणि गोदाघाटावर उगवत्या-मावळत्या सूर्याचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. त्यांतल्या एखाद्या फोटोत सूर्याच्या जवळ, किंवा त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, एक लहानसा गोल ठिपका उमटतो. तो कधी लालसर असतो, कधी हिरवट-निळसर. फोटो काढताना तो कुणाच्या लक्षात आलेला नसतो. घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहताना तो दिसतो आणि मग ‘पृथ्वीजवळ अज्ञात ग्रह आला आहे, शास्त्रज्ञ ही गोष्ट दडवून ठेवत आहेत’ अशा मजकुरासह तोच फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतो. असा फोटो पाहून धास्तावलेल्या माणसाची थट्टा करणे मला पटत नाही. फोटो बहुतेक वेळा खरा असतो, त्यात कुणी काही मिसळलेले नसते, आणि समोर दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ विचारणे रास्तच आहे. त्यामुळे ‘अफवा आहे, सोडून द्या’ एवढ्या उत्तराने भागत नाही. तो ठिपका कुठून आला हे सांगता आले पाहिजे, आणि ते त्याच फोटोवरून सांगता येते.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकच भिंग असते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या जागेत पाच, सहा किंवा सात भिंगे एकामागोमाग बसवलेली असतात. त्यांच्या पुढे बाहेरची सपाट संरक्षक काच असते, मागे अवरक्त किरण अडवणारा फिल्टर असतो आणि सगळ्यांत शेवटी चित्र टिपणारा सेन्सर असतो. हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना प्रकाशाचा थोडा अंश प्रत्येक वेळी परत फिरतो. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावर हा अंश सुमारे चार टक्के असतो. परावर्तन कमी करणारा पातळ लेप दिला, तर तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो, पण शून्य कधीच होत नाही. एका पृष्ठभागावरून मागे फिरलेला प्रकाश दुसऱ्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा सेन्सरकडे वळला, तर मूळ चित्रावर एक जादा ठिपका पडतो. यालाच छायाचित्रकार लेन्स फ्लेअर म्हणतात. सहा भिंगांचे बारा पृष्ठभाग होतात आणि बारांतून दोन-दोनच्या ६६ जोड्या लागतात, म्हणजे असा ठिपका तयार होण्याच्या नुसत्या भिंगांमध्येच ६६ वाटा आहेत. त्यांतल्या बहुतेक इतक्या फिक्या असतात की त्या कधी दिसतच नाहीत.

मग सूर्य समोर असतानाच एखादी का दिसते, तर सूर्याच्या विलक्षण तेजामुळे. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी दिसतो. चांगला लेप दिलेल्या दोन पृष्ठभागांवरून अर्धा-अर्धा टक्का परावर्तन होऊन आलेल्या प्रकाशाचा हिशेब केला, तर मूळ प्रकाशाचा चाळीस हजारावा भाग उरतो. चार लाखांना चाळीस हजारांनी भागले की दहा येतात. याचा अर्थ असा, की दोनदा परावर्तित होऊन दुबळ्या झालेल्या त्या झोतातही दहा पौर्णिमेच्या चंद्रांएवढा प्रकाश शिल्लक असतो. तो थोड्याफार जागेत पसरतो हे खरे, तरीही संध्याकाळच्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसला तर आश्चर्य वाटायला नको. रात्रीच्या एसटीत खिडकीच्या काचेतून बाहेर पाहताना गाडीतलाच दिवा शेतांवर तरंगताना दिसतो आणि गाडी धावत असली तरी आपल्याबरोबर चालत राहतो. कॅमेऱ्यातला हा ठिपका त्याच जातीचा आहे.

कॅमेऱ्यातली भिंगे एकाच अक्षावर बसवलेली असतात, त्यामुळे हे ठिपके वाटेल तिथे पडू शकत नाहीत. सूर्य आणि फोटोचा मध्यबिंदू यांना जोडणारी सरळ रेषा पुढे वाढवली, तर ठिपका त्या रेषेवरच असतो. मोबाइलमध्ये विशेष ठळक दिसणारा जो छोटा, रेखीव ठिपका असतो, त्याचा मार्ग तर फारच नियमबद्ध आहे. सूर्याचा प्रकाश सेन्सरवर पडतो, त्यातला काही भाग सेन्सरवरून परत फिरून भिंगांतून उलटा बाहेर निघतो, पुढच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येऊन सेन्सरवर मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडच्या बाजूला पडतो. सूर्य वरच्या डाव्या कोपऱ्याकडे असेल तर हा ठिपका खालच्या उजव्या कोपऱ्याकडे, मध्यापासून तितक्याच अंतरावर मिळतो. एम. जी. रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांतून कॅमेऱ्यावर चिकटवायची जादा काच आपण हौसेने लावून घेतो. तिच्यामुळे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात आणि असे ठिपकेही वाढतात.

एक फोटो जवळून पाहू. गोदावरीच्या पश्चिम काठावरून पहाटे नारोशंकर मंदिराच्या दिशेने मोबाइल धरला आहे. मंदिराच्या शिखराच्या डावीकडे, चौकटीच्या वरच्या भागात सूर्य नुकताच वर आला आहे, आणि उजवीकडे खाली हिरवट झाक असलेला एक गोल दिसतो. मोबाइलवर फोटो पूर्ण उघडून समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन रेषा मनातल्या मनात ओढल्या, की त्या जिथे छेदतात तो मध्यबिंदू मिळतो. आता सूर्यापासून मध्यबिंदूपर्यंत पट्टी ठेवली, की तिच्या पुढच्या टोकाला तो हिरवट गोल येतो. पण याहून मोठा पुरावा तो गोल जिथे पडला आहे तिथे आहे: तो घाटाच्या पायऱ्यांवर आहे. पायऱ्यांचे दगड त्याच्या मागे आहेत, त्यांच्यामधल्या फटी त्या गोलातून आरपार दिसतात. आकाशातला कुठलाही ग्रह घाटाच्या अलीकडे येऊन पायऱ्यांच्या समोर उभा राहू शकत नाही. फिरणाऱ्या फोटोंमध्ये हा पुरावा बहुधा नाहीसा झालेला असतो, कारण खालचा घाट कापून केवळ आकाशाचा तुकडा पुढे पाठवला जातो. तसा कापला की मध्यबिंदूही बदलतो आणि रेषेची परीक्षा लागू होत नाही. म्हणून असा फोटो हाती आला की पहिली मागणी मूळ, न कापलेल्या फोटोची करावी.

गोल आकार पाहून ‘ग्रहासारखाच दिसतो’ असे वाटते. मोबाइलच्या भिंगांमधून प्रकाश आत येण्याचे छिद्र गोल असते, आणि फोकस न झालेला ठिपका त्या छिद्राचा आकार घेतो. मोठ्या कॅमेऱ्यात हे छिद्र पात्यांनी बनलेले असल्यामुळे तिथे पंचकोनी, षट्‌कोनी ठिपके मिळतात. रंग लेपामुळे आणि फिल्टरमुळे येतो: लेप सगळे रंग सारख्याच प्रमाणात रोखत नाही, त्यामुळे उरलेल्या परावर्तनात हिरवट किंवा जांभळट छटा राहते. ठिपक्याची एक कड भिंगाच्या चौकटीने कापली गेली, तर चंद्राच्या कोरीसारखा आकारही मिळतो.

आता क्षणभर उलट बाजूने विचार करू आणि तो ठिपका खरोखरच एक ग्रह आहे असे मानू. या विचारातून जे निष्पन्न होते ते मला कॅमेऱ्याच्या सगळ्या गणितापेक्षा अधिक पटण्याजोगे वाटते. प्रथम त्याचा आकार. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात सूर्याचे खरे बिंब फोटोच्या रुंदीच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढेच असते. आपल्याला दिसतो तो मोठा पांढरा झगमगाट अतिप्रकाशाने पसरलेला असतो. त्यामुळे त्या झगमगाटाशेजारी चिमुकला वाटणारा ठिपका मोजून पाहिला, तर खऱ्या सूर्यबिंबाएवढा किंवा त्याहूनही मोठा निघतो. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे असते. पृथ्वीएवढा, म्हणजे सुमारे १२,७४२ किलोमीटर व्यासाचा ग्रह अर्ध्या अंशाचा दिसायचा असेल, तर तो आपल्यापासून साधारण १४ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या अंतराच्या साडेतीन पटींवर हवा. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे हा ग्रह सूर्याच्या पुष्कळ अलीकडे आला. जो गोल आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असतो, त्याची उजळलेली बाजू सूर्याकडे आणि अंधारी बाजू आपल्याकडे असते. अमावास्येला चंद्र याच कारणाने दिसत नाही. सूर्याला लागून असलेला असा ग्रह आपल्याला काळा दिसेल, किंबहुना दिसणारच नाही. सूर्यापासून जरा लांब असेल तर द्वितीयेच्या चंद्रासारखी बारीक कोर दिसेल आणि तिची उजळ कड सूर्याकडेच वळलेली असेल. फोटोतला ठिपका मात्र पूर्ण गोल आणि पूर्ण उजळ असतो.

पूर्ण उजळ बिंब दिसण्यासाठी तो ग्रह सूर्याच्या पलीकडे हवा. तिथे असून तो सूर्याएवढा दिसायचा असेल, तर त्याचा व्यास सूर्याहून मोठा, म्हणजे १४ लाख किलोमीटरहून जास्त हवा. आपल्या सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह गुरू सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटर व्यासाचा आहे. असे दहा गुरू ओळीने मांडावेत तेव्हा कुठे तेवढी रुंदी भरेल, आणि एवढा प्रचंड ग्रह असूच शकत नाही. थोडक्यात, अलीकडे मानला तर तो उजळ दिसत नाही आणि पलीकडे मानला तर तो ग्रहच राहत नाही.

गुरुत्वाकर्षणाची अडचण याहून कठीण आहे. एखाद्या गोलामुळे समुद्राला किती भरती येईल, हे दोन गोष्टींवर ठरते: तो आकाशात केवढा दिसतो आणि त्याची घनता किती आहे. चंद्राएवढा दिसणारा आणि पृथ्वीइतका घन असलेला ग्रह चंद्राच्या दीडपटीहून अधिक भरती आणेल. असा ग्रह आला असता, तर त्याची बातमी आपल्याला फोटोतून कळण्याआधी मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना कळली असती, कारण तिथीवरून भरतीची वेळ ओळखण्याचा त्यांचा पिढीजात हिशेब एका दिवसात मोडला असता. अंतराळयानांचा हिशेबही असाच नाजूक असतो. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. या प्रवासाची आखणी सूर्य, पृथ्वी, चंद्र आणि इतर ग्रहांची ओढ आधीच मोजून केलेली होती. नोंदीत नसलेला एखादा जड गोल वाटेच्या आसपास असता, तर यान ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी पोहोचले नसते.

नाशिककरांना ग्रहगणिताचा भरवसा वेगळा सांगायला नको. इथला सिंहस्थ कुंभमेळा गुरू सिंह राशीत आला की भरतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षे लागतात, त्यामुळे हे पर्व साधारण बारा वर्षांनी येते, आणि त्याच्या तारखा कितीतरी आधी पंचांगकर्त्यांना ठाऊक असतात. एखादा मोठा अज्ञात ग्रह आतल्या सूर्यमालेत हिंडत असता, तर मंगळाच्या, शुक्राच्या आणि पृथ्वीच्या स्वतःच्याही गतीत फरक पडला असता, आणि ग्रहणांच्या वेळा मिनिटामिनिटाने वर्तवणे अशक्य झाले असते. न दिसलेला ग्रह गणिताने सापडतो, याचे उदाहरणही इतिहासात आहे. युरेनस गणिताप्रमाणे चालत नाही हे लक्षात आल्यावर फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी त्याला ओढणाऱ्या अज्ञात ग्रहाची जागा आकडेमोडीने काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. नेपच्यून पृथ्वीपासून सूर्याच्या अंतराच्या तीसपट लांब आहे. तेवढ्या लांबचा ग्रह कागदावर पकडता येत होता, तर १४ लाख किलोमीटरवरचा ग्रह आज निसटेल कसा?

भिंगांनी जाणकारांनाही फसवले आहे, आणि त्याची हकिकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पॅरिसच्या वेधशाळेतले कॅसिनी हे शनीचे चार उपग्रह शोधणारे निष्णात निरीक्षक होते. त्यांना १६७२ मध्ये आणि पुन्हा १६८६ मध्ये शुक्राजवळ एक छोटा सोबती दिसला. १७४० मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स शॉर्ट यांनाही तो दिसला. शॉर्ट स्वतः उत्तम दुर्बिणी घडवणारे कारागीर होते. पुढे आणखी काही निरीक्षकांनी तशाच नोंदी केल्या. शुक्राला चंद्र आहे, असे पुष्कळांना वाटू लागले. १७६६ मध्ये व्हिएन्नाच्या वेधशाळेचे प्रमुख मॅक्सिमिलियन हेल यांनी त्याचे वेगळे स्पष्टीकरण मांडले: शुक्राचा प्रखर प्रकाश पाहणाऱ्याच्या डोळ्यावरून परत फिरतो, दुर्बिणीच्या भिंगावर आपटतो आणि शुक्राची एक लहान, फिकी प्रतिमा डोळ्यात पुन्हा उतरते. उरलेल्या नोंदींपैकी अनेक वेळा त्या जागी एखादा साधा तारा होता, असे १८८७ मध्ये दाखवून दिले गेले. शुक्राला एकही उपग्रह नाही. कॅसिनी खोटे बोलत नव्हते, जसा आजचा फोटो काढणाराही खोटे बोलत नाही. फक्त कॅसिनींच्या नोंदी इतरांनी वेगळ्या दुर्बिणींतून, वेगळ्या रात्री तपासून पाहिल्या.

सध्याच्या अफवेतल्या ग्रहाला बहुतेक वेळा निबिरू किंवा प्लॅनेट एक्स म्हटले जाते. तो २००३ मध्ये, मग डिसेंबर २०१२ मध्ये आणि त्यानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये पृथ्वीवर आदळणार असल्याचे सांगितले गेले होते. नासाच्या वाइज या अवरक्त दुर्बिणीने संपूर्ण आकाशाची पाहणी केली, आणि २०१४ मध्ये तिच्या आधारे असे जाहीर झाले की पृथ्वी-सूर्य अंतराच्या १०,००० पटींपर्यंत शनीएवढा एकही अज्ञात ग्रह नाही. २०१६ पासून ज्या ‘नवव्या ग्रहा’ची चर्चा शास्त्रज्ञ करतात, तो सापडला तरी आपल्यापासून सूर्याच्या अंतराच्या शेकडो पट लांब असेल आणि कुठल्याही मोबाइलमध्ये दिसणार नाही.

‘तो सूर्याआड लपला आहे’ हा युक्तिवादही वारंवार कानावर येतो. पृथ्वी सूर्याभोवती रोज सुमारे एक अंश पुढे सरकते, त्यामुळे दूरची जी वस्तू आज सूर्याच्या मागे आहे ती सहा महिन्यांनी मध्यरात्रीच्या आकाशात डोक्यावर येते. शिवाय नासाने २००६ मध्ये सोडलेल्या स्टिरिओ या दोन यानांनी २०११ पासून सूर्याची पलीकडची बाजूही पाहिली आहे. आपले आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे टक लावून आहे, आणि त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने घडली आहे. अर्थात अवकाशातल्या कॅमेऱ्यांनाही भिंगे असतात, म्हणून त्यांच्या चित्रांतही असे ठिपके येतात, आणि ते तपासण्याची पद्धत तीच आहे.

ती पद्धत कुणालाही करता येईल. सूर्याकडे थेट, किंवा दुर्बिणीतून, कधीही पाहू नये. ही परीक्षा मोबाइलच्या पडद्यावर पाहूनच करावी, तीही सूर्य क्षितिजाजवळ असताना आणि थोडक्यात आटोपावी. मोबाइल हळूहळू डावीकडे वळवा. झाडे, इमारती आणि सूर्य पडद्यावर एकत्र उजवीकडे सरकतील. ठिपका मात्र त्यांच्या उलट दिशेने जाईल. मग एखाद्या विजेच्या खांबाच्या किंवा इमारतीच्या कडेच्या आड उभे राहा, म्हणजे सूर्य झाकला जाईल पण आजूबाजूचे आकाश उघडे राहील. ग्रह असेल तर तो आपल्या जागी दिसत राहिला पाहिजे. ठिपका असेल तर सूर्याबरोबरच नाहीसा होईल. दोघे मित्र असतील तर एकाने पांडवलेणीवरून आणि दुसऱ्याने गंगापूर धरणावरून एकाच मिनिटाला फोटो काढून ते शेजारी ठेवावेत: खरी वस्तू दोन्ही फोटोंत सूर्यापासून सारख्याच अंतरावर आणि एकाच बाजूला असेल. एका गोष्टीची गल्लत मात्र होऊ देऊ नये. उंचावरच्या विरळ ढगांतल्या बर्फकणांमुळे सूर्यापासून सुमारे २२ अंशांवर, त्याच्याच उंचीला, रंगीत तेजस्वी डाग कधीकधी दिसतात. ते खरोखर आकाशात असतात, सूर्य खांबाआड गेला तरी दिसत राहतात, आणि तेही ग्रह नव्हेत.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढातल्या दिव्याच्या अवसेला, दुपारनंतर नाशिकहून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. सोमवती अमावास्या आणि सिंहस्थाचा पर्वकाळ एकत्र आल्यामुळे त्या दिवशी गोदाघाटावर अफाट गर्दी असेल आणि तितकेच मोबाइलही. पावसाळी ढगांनी वाट दिली, तर असंख्य फोटोंत ठिपके उमटतील. फोटोतला सूर्य अतिप्रकाशामुळे नेहमीसारखाच अखंड, पांढरा दिसेल. पण मध्यबिंदूच्या पलीकडे पडलेल्या छोट्या, रेखीव ठिपक्यात, तो पुष्कळ फिका असल्यामुळे, चंद्राने झाकलेला सूर्याचा तुकडा स्पष्ट दिसू शकेल. ग्रहणाच्या चष्म्यातून पाहिल्यावर सूर्याची जी बाजू झाकलेली दिसेल, त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला ठिपक्यातली खाच असेल, कारण ती प्रतिमा अर्ध्या वळणाने उलटलेली असते. तसा फोटो मिळाला तर तो न कापता जपून ठेवावा, आणि ‘दुसरा सूर्य’ म्हणून तो कुणी पुढे पाठवला, तर त्याला ती खाच दाखवावी.